सातबारा मोबाईलवर, दाखला सेवा केंद्रात

सातबारा हवा असेल तर मी मोबाईलच धरीन. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत निघतो, त्यावर तलाठ्याचा सही-शिक्का लागत नाही. परभणीची खेप, एसटीचं भाडं, बुडालेला रोज, सगळं वाचतं.

उत्पन्नाच्या किंवा जातीच्या दाखल्याला मात्र सेवा केंद्रच बरं. मागच्या जूनमध्ये भाचीचा फोटो मी घरून चारदा चढवला, आकार काही जुळेना. केंद्रातल्या पोरानं दोन मिनिटांत बसवला. चार पैसे जास्त गेले, जाऊ द्या. पण पावती घेतल्याशिवाय उठू नका! 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं दाखल्याला मुदत बांधून दिलीय. ती उलटली तर पावतीवरचा अर्ज क्रमांक टाकून अपील करता येतं.