न धुतलेल्या बायझंटाइन नाण्यांचा लॉट: घ्यावा की न घ्यावा?

लिलावाच्या साइट्सवर ‘बायझंटाइन, न धुतलेली, जमिनीतून आली तशी’ असं लिहिलेली पाकिटं कायम दिसतात. दहा नाणी, वीस नाणी, कधी पन्नास. फोटोत मातीने माखलेल्या चकत्यांचा ढीग असतो आणि वर्णनात शक्यतांची मोठी यादी. नवा संग्राहक बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, नाण्यांकडे वळला की बऱ्याचदा पहिली खरेदी हीच करतो, कारण दर नाण्यामागे किंमत सगळ्यात कमी पडते. हे परीक्षण कुठल्या एका विक्रेत्याचं नाही, या प्रकारच्या मालाचं आहे. आमचं मत आधीच सांगतो: पहिली खरेदी म्हणून हा लॉट घेऊ नका. तेवढ्याच पैशांत ओळख पटलेलं, वाचता येणारं एकच नाणं घ्या. कारणं पुढे आहेत, आणि ज्यांच्या घरी पाकीट आधीच येऊन पडलंय त्यांच्यासाठी साफसफाईची पद्धतही.

पाकिटात काय निघतं? जवळजवळ सगळं तांबं. मोठ्या, जाड चकत्या असतील तर त्या सहाव्या-सातव्या शतकातले फोलिस, म्हणजे तांब्याची मोठी नाणी: मागच्या बाजूला मोठा ‘एम’, म्हणजे ४० नुम्मी (नुम्मी हे सगळ्यात लहान नाणं). सम्राट अनास्तासियुसने ४९८ साली ही पद्धत सुरू केली. ‘के’ म्हणजे २०, ‘आय’ म्हणजे १०. मध्यम आकाराची, राजाचं चित्रच नसलेली नाणी असतील तर ती दहाव्या-अकराव्या शतकातली अनामिक फोलिस. आणि पातळ, वाटीसारखी खोलगट नाणी असतील तर त्या बाराव्या-तेराव्या शतकातल्या ट्रॅकी. बाल्कन भागातल्या लॉटमध्ये या ट्रॅकीच जास्त भरतात, आणि त्यांतल्या बऱ्याच १२०४ नंतरच्या, म्हणजे धर्मयोद्ध्यांनी कॉन्स्टँटिनोपल घेतल्यानंतरच्या, नकला असतात: त्यांच्या लॅटिन राजवटीच्या किंवा बल्गेरियन, आकाराने लहान आणि ठशाने पुसट. नकला असल्या तरी त्या खोट्या नव्हेत, त्या काळात चलनातच होत्या. पण नवशिक्याला त्यांवरून राजा ठरवणं फार अवघड जातं.

सोनं निघेल का? विक्रेते तसं थेट म्हणत नाहीत, सुचवतात. सॉलिडस हे जवळजवळ शुद्ध सोन्याचं साडेचार ग्रॅमचं नाणं, एका रोमन पौंडात ७२ बसतील अशा वजनाचं. सोन्यावर कळंक चढत नाही. हजार वर्षं मातीत राहिलं तरी बाहेर काढताक्षणी ते पिवळं दिसतं, त्यामुळे खोदणाऱ्याच्या हातातूनच ते वेगळं निघतं. चांदीचंही बऱ्याच अंशी तसंच. तांब्यातसुद्धा ज्याची अक्षरं मातीखालून दिसतात, ते नाणं आधीच बाजूला काढून स्वतंत्र विकलेलं असतं. पाकिटात येतो तो दोनतीन हातांनी निवडून उरलेला माल. दर नाण्यामागची किंमत कमी असण्याचं खरं कारण हे आहे.

याहून वाईट प्रकारही चालतो. आधी साफ करून पाहिलेली, आत काहीच न उरलेली नाणी पुन्हा माती फासून विकतात. ओळखायची खूण: खरी माती कळंकात रुतलेली, दगडासारखी कडक असते आणि खोलगट जागी जास्त, उंचवट्यावर कमी असते. फासलेली माती सगळीकडे एकसारखी असते आणि कोमट पाण्यात पाच मिनिटांत सुटते. खाली उघडी, खडबडीत, भोकं पडलेली लालसर धातू दिसली तर ते नाणं आधीच कुणीतरी आम्लात बुडवलेलं आहे. फिकट पिवळसर ‘वाळवंटी’ थर असेल तर कापसावर ॲसिटोन घेऊन एका कोपऱ्यावर पुसून पाहा. डिंकाने चिकटवलेली वाळू किंवा रंग असेल तर कापसावर उतरतो. खरा थर उतरत नाही.

आता साफसफाई. इथे आपल्याकडची एक सवय आड येते: तांब्याचा तांब्या-लोटा चिंच-मीठ किंवा लिंबाने घासून लखलखीत करायची. जुन्या नाण्याचं त्याने कायमचं नुकसान होतं. शेकडो वर्षांत तयार झालेला कळंकाचा हिरवा-तपकिरी थरच बहुतेक वेळा नाण्याचा मूळ पृष्ठभाग असतो. अक्षरं त्या थरात टिकलेली असतात, खालच्या धातूत नसतात. आम्लाने थर गेला की अक्षरंही गेली. मिठातलं क्लोराइड धातूत शिरतं ते वेगळंच, आणि त्याचा त्रास पावसाळ्यात दिसू लागतो.

करायचं ते असं. प्रत्येक नाणं वेगळ्या लहान वाटीत ठेवा. एकाच भांड्यात सगळी टाकली तर एका रोगट नाण्यातलं क्लोराइड बाकीच्यांना लागतं. वाटीत डिस्टिल्ड वॉटर घाला. बॅटरीत घालायचं चालतं, पण बाटली सीलबंद हवी आणि ते पाणीच आहे, आम्ल नाही, हे लेबल वाचून बघा. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतो. दर दोन दिवसांनी पाणी बदला. आठवड्याभराने मऊ नायलॉनच्या दातांच्या ब्रशने, पाण्याखालीच, हलक्या हाताने घासा. जे सुटतं ते घ्या, बाकीचं पुन्हा भिजत घाला. महिना-दोन महिने लागणं नेहमीचं आहे. अक्षरांच्या कडेची माती काढायला बांबूची टूथपिक वापरा, आणि ती दहापट भिंगाखाली, कारण माती कुठे संपते आणि कळंक कुठे सुरू होतो हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. पोलादी सुई, पितळी ब्रश किंवा विजेवरची पद्धत वापरायची नाही. विजेने थर मुळापासून उडतो आणि उरते ती गुलाबी, निर्जीव चकती.

ऑलिव्ह तेलात भिजवायची जुनी पद्धत अजूनही बरेच जण सुचवतात. आम्ही ती सुचवत नाही. तेलातली आम्लं हळूहळू थराशी प्रक्रिया करतात, तेल सूक्ष्म भेगांत जाऊन बसतं आणि आत राहिलेला ओलावा कोंडला जातो. पुढे ते तेल काढायला ॲसिटोन लागतंच.

वाटीसारख्या ट्रॅकींना आणखी जपावं लागतं. त्या पातळ आणि ठिसूळ असतात, बोटांत दाबून घासल्या तर कडेने तडा जातो. बाराव्या शतकातल्या बिलन (थोडी चांदी मिसळलेलं तांबं) ट्रॅकींवर मुळात चांदीचा पातळ मुलामा असायचा, आणि तो कुठेकुठे शिल्लक असतो. मातीखाली राखाडी चमक दिसली की ब्रश थांबवा. फुगीर बाजूला ख्रिस्त किंवा मरियम असते, खोलगट बाजूला सम्राट. फुगीर बाजूचा मधला भाग चलनात आधी झिजतो, म्हणून तिथला चेहरा सपाट दिसला तर तो मातीखाली दडलाय असं समजून उकरत बसू नका. तिथे काही उरलेलंच नसतं.

अनामिक फोलिसमध्ये लोक एक चूक वारंवार करतात. जुन्या नाण्यावरच नवा ठसा मारायची तेव्हा पद्धत होती. त्यामुळे नव्या क्रूसाच्या खाली जुन्या ओळींचे अवशेष, आडवीतिडवी अक्षरं, प्रभावळीचा तुकडा दिसतो. नवशिका त्याला चिकटलेला कचरा समजून टोकरतो आणि नाण्याचा सगळ्यात बोलका पुरावाच खराब करतो. नक्षीवरून या नाण्यांचे वर्ग पाडलेत, आणि कुठला वर्ग कुठल्या वर्गावर मारलाय हे पाहूनच तर या नाण्यांचा क्रम लावला गेला, कारण त्यांवर राजाचं नाव नसतं.

साफ झालेल्या नाण्यावर फिकट हिरव्या, पावडरीसारख्या ठिपक्यांची शंका आली तर तो बहुधा ‘ब्रॉन्झ डिसीज’. तांब्यात अडकलेल्या क्लोराइडला दमट हवा लागते, त्यातून आम्ल तयार होतं, ते नवं तांबं खातं आणि पुन्हा क्लोराइड तयार होतं. हे चक्र आपोआप थांबत नाही. मुंबई आणि कोकणातल्या पावसाळी हवेत ते वेगाने फिरतं, म्हणून युरोपात वर्षानुवर्षं शांत राहिलेलं नाणं इथे पहिल्याच जुलैमध्ये फुलू शकतं. तपासायला झाकणाच्या डब्यात ओला कागद ठेवून, नाण्याला कागद लागणार नाही अशा बेताने ते दोन दिवस आत ठेवा. नवे फिकट ठिपके आले तर रोग जिवंत आहे. गडद, कडक, टूथपिकने न निघणारा हिरवा थर म्हणजे रोग नव्हे, त्याला हात लावू नका.

उपचार सोडियम सेस्क्विकार्बोनेटचा: एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये निर्जल धुण्याचा सोडा २३ ग्रॅम आणि खाण्याचा सोडा १९ ग्रॅम. साधारण पाच टक्क्यांचं द्रावण होतं. खड्यांचा, पाणी धरलेला धुण्याचा सोडा असेल तर तो सुमारे ६३ ग्रॅम लागतो, हे विसरलं तर द्रावण फारच कच्चं राहतं. आधी टूथपिकने भुकटी काढा, मग नाणं बुडवा आणि दर आठवड्याला द्रावण बदला. काही आठवडे, कधी काही महिने. थराचा रंग यात थोडा बदलू शकतो, पण तेवढं सोसावं लागतं. नंतर साध्या डिस्टिल्ड वॉटरच्या तीनचार पाण्यांतून काढून, ॲसिटोनमध्ये बुडवून, पूर्ण सुकवा आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या. साठवायला पीव्हीसीच्या मऊ पाकिटांऐवजी पॉलिएस्टरची पाकिटं घ्या, हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा आणि ते ओलावा धरू लागलं की गरम करून सुकवा. डब्यातली आर्द्रता चाळीस टक्क्यांखाली राहिली पाहिजे. स्वस्तातला आर्द्रतामापक या छंदात भिंगाइतकाच गरजेचा आहे.

एवढं करून दहांतली दोनतीन नाणी वाचता आली तर लॉट चांगला निघाला म्हणायचं. ‘एम’ असेल तर त्याच्या डावीकडे ‘अन्नो’ (लॅटिनमध्ये ‘वर्षी’), उजवीकडे राज्यवर्षाचा रोमन आकडा, वर क्रूस, खाली टांकसाळीच्या विभागाचं ग्रीक अक्षर आणि तळाशी शहर: ‘कॉन’ म्हणजे कॉन्स्टँटिनोपल, ‘निको’ म्हणजे निकोमेडिया, ‘थेउप’ म्हणजे अँटिऑक, ज्याला ५२८ च्या भूकंपानंतर थेउपोलिस नाव मिळालं. वर्षाचा आकडा सम्राट जस्टिनियनच्या बाराव्या वर्षापासून, म्हणजे ५३८-३९ पासून दिसतो, आणि त्याच वेळी सम्राट समोर तोंड करून येतो. वजन इथे खूप काही सांगतं: ते जस्टिनियनचे मोठे फोलिस वीस ग्रॅमच्या वर जातात, जस्टिन दुसऱ्याचे, ज्यांवर तो आणि त्याची राणी सोफिया शेजारी बसलेत, ते तेरा ग्रॅमच्या आसपास, आणि हेराक्लियुसच्या शेवटच्या वर्षांत पाच ग्रॅमचे, वेडेवाकडे कापलेले तुकडे. सातव्या शतकात साम्राज्याची काय अवस्था झाली ते तराजूवर इतकं स्पष्ट दिसतं, म्हणूनच आमचा या तांब्यावर सोन्याहून जास्त जीव आहे. शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा तराजू घ्याच. ओळख पटवायला डम्बार्टन ओक्स या वॉशिंग्टनमधल्या संस्थेचे संग्रह-कॅटलॉग इंटरनेटवर मोफत वाचता येतात, आणि फोलिसपुरते तेवढे पुरतात.

लॉटबद्दल आमची सगळ्यात मोठी तक्रार साफसफाईची नाही. ही नाणी कुठल्या शेतात, कुठल्या थरात, कशाबरोबर सापडली याची एक ओळही पाकिटासोबत येत नाही. तुर्कस्तानच्या १९८३ च्या कायद्याने तिथून अशी नाणी बाहेर नेता येत नाहीत, तरी ‘जमिनीतून आली तशी’ माल बाजारात येतच राहतो. धातुशोधक घेऊन रात्री उकरलेल्या जागेचा इतिहास त्या जागेसकट जातो, आणि ग्राहक असेपर्यंत उकरणं थांबत नाही. जुन्या संग्रहातून आलेलं, आधीच्या लिलावाची नोंद असलेलं नाणं थोडं महाग पडतं. ते जास्तीचे पैसे द्यावेत असं आम्हाला मनापासून वाटतं.

भारतातल्या ग्राहकासाठी आणखी एक अडचण. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. ‘आवडलं नाही तर परत करा’ ही परदेशी विक्रेत्याची सोय त्यामुळे आपल्या कामाची नाही. बिल, पाकिटावरचं कस्टमचं लेबल आणि विक्रेत्याचं वर्णन नाण्यासोबत जपून ठेवा.

लॉटच्या पैशांत काय घ्यावं? अनामिक फोलिस, ए२ वर्ग, सिअर क्रमांक १८१३ (सिअर ही बायझंटाइन नाण्यांची नेहमी वापरली जाणारी सूची). बेसिल दुसरा आणि कॉन्स्टँटाइन आठवा यांच्या काळातला. पुढे ख्रिस्ताचा अर्धपुतळा, मागे ओळींमध्ये ‘येशू ख्रिस्त, राजांचा राजा’. अनामिक फोलिसमध्ये तो मोठा आणि जाड असतो, बाजारात भरपूर मिळतो, आणि प्रभावळीच्या क्रूसात व पुस्तकावर असलेल्या ठिपक्यांच्या नक्षीचे पन्नासेक प्रकार असल्यामुळे पुढे जमवायलाही वाव आहे. क्रूसाची आवड असेल तर रोमानोस तिसऱ्याचा बी वर्ग, १८२३. सम्राटाचं नाव हवंच असेल तर लिओ सहावा, १७२९. घेताना वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंचे फोटो पाहा. डोळे आणि केसांच्या रेषा बाकी नाण्यापेक्षा फार धारदार दिसल्या तर त्या हत्याराने कोरलेल्या असतात, असं नाणं सोडून द्या. फिकट हिरवे ठिपके दिसले तर ते किती जुने आहेत हे विचारा. कडेचा फोटो दिलेला नसेल तर मागून घ्या, कारण ओतीव नकलेची शिवण कडेलाच सापडते.