झाकण होतं, खड्डा नव्हता

घरामागे दोन खड्ड्यांचा संडास बांधून घेतला असेल आणि दुसऱ्या खड्ड्याचं झाकण स्वतः कधी उचलून पाहिलं नसेल, तर आधी ते पाहून या. मग पुढचं वाचा. आमच्याकडे ते झाकण पावणेदोन वर्षांनी उचललं गेलं आणि त्याखाली खड्डाच नव्हता.

सासूबाईंचे गुडघे धरायला लागल्यापासून घरात संडास हवा हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. परसाकडे जायचं म्हणजे अंधार पडायची वाट बघायची, दिवसभर पाणी बेतानं प्यायचं, आणि जाताना एक हात माझ्या खांद्यावर. लेक वयात येत होती, तिची वेगळीच काळजी. अशा वेळी ठेकेदार दारात आला. बोलायला गोड. त्यानं वही उघडून आकृती काढून दाखवली. पुढे भांडं, मागे छोटं चेंबर, चेंबरमधून दोन दिशांना फुटणाऱ्या दोन वाटा आणि त्यांच्या टोकाला दोन गोल खड्डे. आकृती अगदी बरोबर होती. फसवणाऱ्याला काम येत नसतं असं मला वाटायचं. ह्याला काम पक्कं येत होतं, म्हणूनच काय गाळलं तर वरून कळणार नाही, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

ह्या संडासाचा सगळा जीव त्या दुसऱ्या खड्ड्यात असतो. एका वेळी एकच खड्डा चालू ठेवायचा, दुसऱ्याकडे जाणारी वाट चेंबरमध्ये बंद ठेवायची. खड्ड्याच्या भिंतीत विटांमध्ये फटी सोडलेल्या असतात आणि तळ मातीचाच असतो. पाणी आणि वायू त्या वाटेनं जमिनीत जिरतात, आत उरतो तो फक्त गाळ. पाच-सहा माणसांच्या घराला साधारण एक मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल खड्डा तीनेक वर्षं पुरतो. तो भरला की चेंबरमधली वाट बदलायची आणि भरलेला खड्डा झाकून ठेवायचा. दीड-दोन वर्षांत आतल्या मैल्याचं कोरडं, वास नसलेलं सोनखत होतं. तोवर दुसरा चालतो, मग पुन्हा पहिला. दोनच खड्ड्यांवर एका घराच्या पिढ्या निघू शकतात. दुसरा खड्डा नसेल तर तोच संडास पहिला खड्डा भरला की संपला.

काम तीन दिवस चाललं. खड्डे घ्यायचे नेमके त्या दिवशी आम्ही दोघंही शेतावर होतो. सकाळी निघताना मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांबा, खड्डे बघून घेते. तो म्हणाला, “वहिनी, जमिनीखालचं माझ्यावर सोडा. तुम्ही फक्त फरशीचा रंग सांगा.” मी रंग सांगितला. संध्याकाळी परत आलो तेव्हा दोन्ही झाकणं बसली होती, कडेचा माल अजून ओला होता. ‘आत्ता उचलू नका, सांधा फुटेल,’ असं सांगून गेले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही उरलेले सगळे पैसे दिले.

पहिलं वर्ष बरं गेलं. सासूबाई भिंतीला हात धरून एकट्या जाऊन यायला लागल्या. दुसऱ्या पावसाळ्यात भांड्यात पाणी तुंबायला लागलं. दीड-दोन लिटर पाण्यात वाहून जायचं ते दोन बादल्या ओतल्या तरी हलेना. ठेकेदाराला फोन केला तर तो म्हणाला, पावसानं जमीन फुगलीय, पावडर टाका, आतले जिवाणू सगळं खाऊन टाकतील. पावडरीची पाकिटं त्यानंच विकली. ही त्याची दुसरी फसवणूक, आणि बाकी लोकांनाही ह्यातच सर्वाधिक ओढलं जात असेल असं मला वाटतं, कारण खणायला पैसे नसतात तेव्हा पाकीट परवडतं. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी अशा पावडरी प्रयोगशाळेत आणि प्रत्यक्ष खड्ड्यांतही तपासून पाहिल्या. त्यांना गाळ कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. मैल्यात जिवाणू मुळातच अगणित असतात, चिमूटभर वरून टाकून काय बदलणार? हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर चार पाकिटांचे पैसे वाचले असते.

मग त्यानं फोन उचलणं बंद केलं. एके पहाटे मला जाग आली तेव्हा सासूबाई खुंटीवरचं टमरेल काढत होत्या. काही बोलल्या नाहीत. मी उठून त्यांच्याबरोबर बाहेर गेले.

पलीकडच्या गावचा एक म्हातारा मिस्त्री ओळखीतून आला. त्यानं आधी चेंबर उघडलं. आत दोन तोंडं दिसत होती. एक चालू, दुसरं सिमेंटनं लिंपलेलं. ते असंच असतं, त्यात वावगं काही नव्हतं. त्यानं लिंपण फोडलं आणि बोट घातलं. मागे पाइप नव्हता, माती होती. मग पहार घालून दुसरं झाकण उचललं. खाली सपाट जमीन. उजेड न मिळाल्यानं पांढरी पडलेली गवताची मुळं, सिमेंटच्या गोणीचा एक तुकडा आणि झाकण टेकवायला गोलाकार मांडलेल्या विटांचा एकच थर. त्यानं मधोमध पहार मारली, ती वीतभर जाऊन थडकली. “बाई, इथं कुदळ लागलेलीच नाही,” तो म्हणाला.

पहिल्या खड्ड्यातही चोरी निघाली. खोली ठरल्याच्या निम्मीच, आणि भिंत आतून गुळगुळीत गिलावा केलेली. दिसायला मजबूत, पण पाणी जिरायला एक फट नाही. म्हणजे तळ गाळानं बुजल्यापासून आम्ही शोषखड्डा नव्हे तर हौद भरत होतो. गिलावा केला म्हणजे काम चांगलं, असं आपल्याला वाटतं आणि ठेकेदार ते जाणून होता.

मध्ये एकदा ठेकेदाराचा माणूस आला होता. म्हणाला, रात्री दोघं पाठवतो, बादल्यांनी उपसून मोकळं करून देतील. घरात सगळे त्रासले होते, हो म्हणायचा मोह झाला. पण ताज्या मैल्याच्या खड्ड्यात माणूस उतरवायचा म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. आत विषारी वायू साठलेला असतो, आणि जंतांची अंडी तर महिनोन्‌महिने जिवंत राहतात. मुळात हे दोन खड्डे कशासाठी? बिंदेश्वर पाठक यांनी १९७० साली सुलभची संस्था काढून ही पद्धत घराघरांत नेली ती माणसानं माणसाचा मैला उपसू नये, वाहू नये म्हणून. ज्यानं दुसरा खड्डा चोरला त्यानं नुसते आमचे पैसे नाही चोरले, ह्या कामात पुन्हा कुणाला तरी ढकलायची सोयही केली. त्याचा मला सर्वांत जास्त राग आहे.

आमच्या गल्लीत त्याच माणसाचे सात संडास आहेत. मी घरोघरी गेले. दोन घरं तयार झाली नाहीत, पाच घरांनी झाकणं उचलू दिली. आमचं धरून चार ठिकाणी खाली नुसती जमीन निघाली. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांत २०३० पर्यंत उघड्यावर शौच बंद व्हावं असं लिहिलंय, आणि त्यात बायका-मुलींच्या गरजांकडे खास लक्ष द्या असंही म्हटलंय. मोजायला कुणी आलं तर आमची सातही घरं संडासवालीच धरली जातील, कारण भांडं, भिंती आणि दार जागच्या जागी आहेत.

पैसे परत मिळाले नाहीत. कागदावर ‘संडास, एक’ एवढंच लिहिलं होतं. दोन खड्डे, खोली, रुंदी, काही नाही. मिस्त्री म्हणाला, कागदावर खड्ड्यांची मापं लिहून घ्यायची, शेवटचा हप्ता झाकण बसायच्या आधी खड्डे उघडे बघूनच द्यायचा, आणि आत टेप धरून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवायचा. तळाला सिमेंट दिसलं तर तिथल्या तिथे काम थांबवायचं. दोन खड्ड्यांत निदान एक मीटर जमीन राहू द्यायची, नाहीतर चालू खड्ड्याचं पाणी बंद खड्ड्यात झिरपतं आणि खत कधी तयार होत नाही. पिण्याच्या पाण्याची विहीर वा बोअर निदान दहा मीटर लांब हवी, आणि जमिनीतलं पाणी वर असेल तर त्याहून लांब. भरलेल्या संडासाला वायू जायला उंच पाइप लावून देतो म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर देऊ नका. शोषखड्ड्याला तो लागत नाही, वायू मातीतच जिरतो.

नवा खड्डा घेताना मी शेतावर गेले नाही. काठावर बसून एकेक थर बघितला, फटी मोजल्या. वाट नव्याकडे वळवली आणि जुना बंद केला. दोन वर्षांनी तो रिकामा करून गिलावा फोडायचा, भिंत नव्यानं फटींची बांधायची. लेकीनं ओल्या सिमेंटवर खिळ्यानं बंद केल्याचा महिना आणि साल कोरलंय, म्हणजे घाईनं कुणी मध्येच उघडणार नाही.

त्या चार घरांपैकी आम्ही आणि आणखी एका घरानं खड्डा खणून घेतला. बाकी दोन घरांतली माणसं पुन्हा बाहेर जायला लागली आहेत. त्यातल्या एका घरात बाळंतीण आहे. तिच्या सासूला मी आमच्या मिस्त्रीचा नंबर दिलाय, आणि खणायच्या दिवशी काठावर बसायला मी येते असं सांगून ठेवलंय.