पत्ता सप्लायरचाच, मेल मात्र चोराचा: 2 लाख 80 हजार गेले, वाचा आणि आपापलं डोमेन तपासा

माझ्या मामाचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, तिथे जे झालं ते लिहितोय, कारण ज्यांचे व्यवहार मेलवर चालतात त्यांच्यापैकी कुणालाही हा फटका बसू शकतो. नेहमीच्या स्टीलवाल्याचा मेल आला की आमचं जुनं खातं ऑडिटमुळे बंद आहे, यापुढचं पेमेंट खालच्या खात्यात करा, सोबत लेटरहेड, शिक्का, जीएसटी नंबर सगळं बरोबर. आणि पत्ता पण तोच हो! अकाउंट्स बघणाऱ्या ताईंनी अक्षर न् अक्षर जुळवून बघितलं आणि मगच 2 लाख 80 हजार आरटीजीएस केले. पुढच्या आठवड्यात स्टीलवाल्याचा फोन, पेमेंटचं काय झालं म्हणून.

सगळे ताईंना बोलायला लागले, ते मला अजिबात पटलं नाही. स्क्रीनवर खरा पत्ता दिसत असताना बाईंनी अजून करायचं तरी काय?

मी तो मेल कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये उघडला, तीन टिंबांवर जाऊन 'शो ओरिजिनल' केलं. प्रेषक म्हणून सप्लायरचा पत्ता, पण डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) 'पास' झालंय ते भलत्याच डोमेनच्या (पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाच्या) नावाने, एसपीएफ (डोमेनच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) पण त्याच डोमेनसाठी पास. डीमार्कची (ते काय, खाली सांगतो) ओळच नाही. तिथेच सगळा खेळ कळला.

कसंय, मेल पाठवायची मूळ पद्धत 1982 सालची, त्यात प्रेषकाच्या जागी काय लिहायचं ते पाठवणाऱ्याच्या हातात, पाकिटावर मागे कुणाचंही नाव टाकावं तसं. यावर उपाय म्हणून 2007 मध्ये डीकेआयएम स्टँडर्ड झालं. पाठवणाऱ्याच्या सर्व्हरकडे एक गुप्त किल्ली असते, तिने मेलच्या मजकुरावर आणि प्रेषक, विषय वगैरे ओळींवर डिजिटल सही होते, त्या किल्लीची जोडीदार उघड किल्ली डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनची माहिती ठेवणाऱ्या, सगळ्यांना बघता येणाऱ्या नोंदवहीत) ठेवलेली असते आणि आपला सर्व्हर ती घेऊन सही तपासतो. वाटेत खाते नंबरातला एक आकडा जरी बदलला तरी सही जुळत नाही. पण चोर स्वतःच्या डोमेनची सही करू शकतो ना, ती खरीच निघते! सही केलेलं किंवा एसपीएफने तपासलेलं डोमेन आणि आपल्याला दिसणारं डोमेन एकच आहे का, हे बघायचं काम डीमार्कचं, आणि दोन्हीपैकी एकही जुळलं नाही तर मेलचं काय करायचं हे त्या डोमेनच्या मालकाने डीएनएसमध्ये लिहून ठेवायचं असतं. आमच्या सप्लायरने डीकेआयएम, डीमार्क काहीच लावलेलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या नावाचा खोटा मेल सरळ इनबॉक्समध्ये. गुगल आणि याहूने फेब्रुवारी 2024 पासून घाऊक मेल पाठवणाऱ्यांना (गुगलच्या हिशोबात दिवसाला साधारण 5000 किंवा जास्त) एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क हे तिन्ही सक्तीचं केलंय, पण महिन्याला पन्नास बिलं पाठवणारा स्टीलवाला त्यात येतच नाही, आणि वेबसाइट बनवून देणारा पोरगा हे आपणहून करून देत नाही. मला याचाच जास्त राग येतो.

सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली. थोडी रक्कम त्या खात्यात अडवली गेली, बाकीची तोवर पुढे पळवली होती.

ज्यांचं स्वतःचं डोमेन आहे त्यांनी होस्टिंगवाल्याला आजच विचारा, डीकेआयएम चालू आहे का आणि डीमार्कमध्ये 'पी' (पॉलिसी, म्हणजे न जुळणाऱ्या मेलचं काय करायचं) पुढे काय लिहिलंय. तिथे 'नन' असेल तर फक्त रिपोर्ट येतात, अडत काही नाही. आपले खरे मेल नीट पास होतायत हे बघून मग 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका) आणि शेवटी 'रिजेक्ट' (घेऊच नका) करा, एकदम रिजेक्ट केलंत तर तुमचीच बिलं अडकू शकतात.

आणि सगळं पास दिसलं तरी खातं बदलल्याचा मेल असेल तर फोन कराच, कारण सप्लायरचा मेलबॉक्सच हॅक झाला असेल किंवा एका अक्षराच्या फरकाचं डोमेन घेतलं असेल तर सही अस्सलच निघणार. फक्त नंबर त्या मेलमधला घेऊ नका, जुन्या बिलावरचा घ्या.