डेझी-व्हील टर्मिनल आज वापरताना

संगणकाला जोडलेले आणि पडद्याऐवजी कागदावर उत्तर देणारे डेझी-व्हील टर्मिनल मी गेले वर्षभर नियमित वापरत आहे. अक्षरांच्या रेखीवपणात त्याच्या तोडीचे दुसरे छपाई-टर्मिनल माझ्या पाहण्यात नाही. मात्र ते घेण्यापूर्वी त्याच्या संथपणाची आणि आवाजाची पूर्ण कल्पना असायला हवी.

हे तंत्र डायब्लो कंपनीत डेव्हिड ली यांच्या नेतृत्वाखाली विकसित झाले. 1972 मध्ये झेरॉक्सने ती कंपनी विकत घेतली आणि 1973 मध्ये ली यांनी क्यूम ही स्वतंत्र कंपनी काढली.

यंत्राचा जीव आहे तो तळहाताएवढ्या चक्रात. त्याला साधारण 96 पाकळ्या असतात आणि प्रत्येक पाकळीच्या टोकावर एक अक्षर कोरलेले असते. हवे ते अक्षर वर येईपर्यंत चक्र जवळच्या बाजूने फिरते, क्षणभर स्थिरावते आणि मागून हातोडीचा ठोका बसतो. मला सर्वांत जास्त कौतुक वाटते ते या ठोक्याचे. पूर्णविरामाच्या टिंबाला हलका ठोका मिळतो, तर भरपूर शाई लागणाऱ्या रुंद रोमन कॅपिटल अक्षराला जोराचा; त्यामुळे टिंब कागदात रुतत नाही आणि मोठे अक्षर फिकटही पडत नाही. चक्र आणि हातोडी आडवी वाहून नेणारी कॅरेज इंचाच्या 120व्या भागाइतकी आणि कागद 48व्या भागाइतका सरकू शकतो. याच सोयीमुळे तेच अक्षर किंचित सरकवून पुन्हा उमटवता येते आणि ठळक अक्षर मिळते. टिंबांनी अक्षर बनवणाऱ्या प्रिंटरच्या छपाईशेजारी हा कागद ठेवला की फरक समजावून सांगावा लागत नाही.

कार्बन फिल्मच्या रिबनवर छपाई सर्वांत स्वच्छ येते, पण एकदा ठोका बसलेली जागा पुन्हा उपयोगाची राहत नाही आणि रिबन लवकर संपते. शिवाय वापरलेल्या फिल्मवर मजकूर अक्षरशः वाचता येतो, हे खासगी पत्रव्यवहार करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. प्लास्टिकचे चक्र वेगाने चालते, धातूचे जड असल्यामुळे हळू. पण टिकाऊपणात धातूचे उजवे.

वेगाचा हिशेब सोपा आहे. बॉड हे संगणकाकडून माहिती येण्याच्या वेगाचे माप. 300 बॉडवर सेकंदाला 30 अक्षरे येतात आणि तेवढी छपाई हे टर्मिनल सहज पेलते. 1200 बॉडवर मात्र सेकंदाला 120 अक्षरे येऊ लागतात; तेव्हा आलेली अक्षरे तात्पुरती साठवणारा बफर भरण्याच्या बेताला आला की संगणकाला थांबवण्याची व्यवस्था नसेल, तर ओळीच्या मधलीच अक्षरे गळतात. जुन्या यंत्रांतील ईटीएक्स-एसीके पद्धत, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक तुकड्यानंतर यंत्राच्या होकाराची वाट पाहणे, माझ्या संगणकावरील लिनक्स प्रणालीला आपोआप कळत नाही, म्हणून मी 300 वरच समाधानी आहे. जोडणीसाठी 25 पिनांची आरएस-232 केबल आणि यूएसबीचा कन्व्हर्टर पुरेसा होतो. व्हीआयसारखा पूर्ण पडदा मागणारा मजकूर-संपादनाचा प्रोग्राम येथे चालणार नाही. ओळीओळीने काम करणारा एड हा प्रोग्राम मात्र जणू या कागदासाठीच घडवलेला वाटतो, आणि दिवसाअखेर कोणती आज्ञा दिली व तिचे काय उत्तर आले, याची नोंद हातात राहते.

खरेदीचा अनुभव मात्र मनस्ताप देणारा होता. विक्रेत्याने कॅरेज न बांधताच यंत्र पाठवले. प्रवासात ती आपटत राहिली आणि चक्राच्या दोन पाकळ्या मुळापासून तुटल्या. सुदैवाने मुख्य यंत्रणा वाचली आणि चक्र बदलून काम भागले. कागदाला मागून आधार देणाऱ्या रुळावरील रबर मात्र वयोमानाने इतके कडक झाले होते की टिंबे कागदाला भोके पाडत होती. हातोडीचा जोर कमी केल्यावरही ते थांबले नाही, शेवटी रुळावर नवे रबर चढवून घ्यावे लागले.

म्हणून यंत्र घेण्यापूर्वी बाहेरच्या चकचकीत झाकणापेक्षा रूळ नखाने दाबून पाहावा, कॅरेज बांधून पाठवण्याची अट आधीच घालावी आणि सर्व 96 अक्षरांच्या दोन ओळी छापून मागवाव्यात. एखाद्या अक्षराची एकच बाजू सातत्याने फिकी येत असेल तर त्याची पाकळी वाकलेली असण्याची शक्यता आहे. सगळ्याच अक्षरांचा वरचा किंवा खालचा भाग पुसट असेल, तर दोष चक्राच्या बसण्यात किंवा रिबनच्या उंचीत शोधावा.