भरती एजन्सी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

चाकणला आमचं मशीनशॉप आहे आणि व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन) ऑपरेटर, क्वालिटी इन्स्पेक्टर अशा जागा सारख्या रिकाम्या होतात, तर एजन्सी लागतेच. दोन एजन्स्या आठ महिने वापरल्यावर आमचं मत असं: फीची टक्केवारी घासण्यात वेळ घालवू नका, तो रिप्लेसमेंटच्या कलमावर घाला.

फी बहुतेक ठिकाणी वार्षिक सीटीसीच्या (माणसावर कंपनीचा होणारा एकूण खर्च) ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. ३,६०,००० सीटीसीवर २९,९८८ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, एकूण बिल सुमारे ३५,३८६. सीटीसीत काय धरायचं ते आधी लिहून घ्या. ओव्हरटाइम आणि हजेरी बोनस त्यात घुसवला की फी फुगते.

आता ते कलम. वर ठळक लिहिलेलं असतं: ९० दिवसांत माणूस सोडून गेला तर बदली मोफत. खालच्या अटी वाचा. बिल १५ दिवसांत भरलं असेल तरच, एकदाच, आणि ‘उपलब्धतेनुसार’. या शेवटच्या शब्दानं सगळी हमी पोकळ होते, कारण बदली कधी द्यायची याला मुदतच उरत नाही. आम्ही ते बदलून घेतलं: २१ दिवसांत बदली माणूस रुजू झाला नाही तर फी पुढच्या बिलातून वळती. शिवाय पैसे दोन हप्त्यांत, अर्धे रुजू झाल्यापासून ३० दिवसांनी, उरलेले ९० दिवसांनी. एकाच जागेसाठी हे कुणी मानत नाही, चार-पाच जागा एकदम दिल्या की मानतात. एकच उमेदवार दोन एजन्स्यांनी पाठवला तर फी कुणाची, तेही करारात हवं. ज्याचा बायोडाटा ईमेलवर आधी आला त्याची, एवढं पुरतं.

पहिल्या महिन्यातली गळती मात्र करारानं थांबत नाही. तिचं मूळ बहुतेक वेळा फोनवर सांगितलेल्या पगारात असतं. महिन्याला बेसिक १५,००० आणि ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, २०,००० धरा. पीएफचे १,८००, ईएसआयसीचे (कामगार विमा) १५० आणि पुरुष कामगाराचा प्रोफेशनल टॅक्स २०० कापून हातात १७,८५० येतात. कंपनीचा पीएफ, त्यावरचं शुल्क आणि ईएसआयसी मिळवून महिन्याची सीटीसी होते २२,६००, तीही बोनस-ग्रॅच्युइटी न धरता. रिक्रूटर २२,६०० सांगतो, माणूस तेवढे हातात येतील असं समजतो आणि पहिली पगाराची स्लिप बघून निघून जातो. त्यात त्याची चूक नाही. म्हणून ‘हातात किती’ हा आकडा, शिफ्टच्या वेळा आणि बस कुठपर्यंत येते, या तीन गोष्टी आम्ही लेखी देतो आणि उमेदवाराला स्वतः फोन करून पडताळतो. त्याच फोनवर एजन्सीनं त्याच्याकडून पैसे घेतले का, हेही विचारा. घेतले असतील तर ती एजन्सी त्याच दिवशी बंद करा.

चांगला रिक्रूटर पहिल्याच फोनवर ओळखू येतो. तो विचारतो: मशीनचा कंट्रोल फॅनुक कंपनीचा की सीमेन्सचा? ऑपरेटरनं फक्त जॉब लोड करायचा, की ऑफसेटही (टूलच्या मापाची दुरुस्ती) द्यायचा? हे न विचारणारा दुसऱ्या दिवशी वीस बायोडाटे पाठवतो आणि त्यात टर्नरपासून वेल्डरपर्यंत सगळे असतात. नमुना म्हणून पाचच मागवा, त्यातले तीन मुलाखतीला बोलावण्याजोगे नसतील तर पुढे जाऊ नका. अनुभवाचं पत्र पाहून विश्वास ठेवू नका. उमेदवाराला ईपीएफओच्या (पीएफ कार्यालयाच्या) पोर्टलवरची सर्व्हिस हिस्टरी स्वतः उघडून दाखवायला सांगा, रुजू झाल्याच्या आणि सोडल्याच्या तारखा तिथे दिसतात. मग हातात मायक्रोमीटर आणि ड्रॉइंग द्या. दहा मिनिटांत कळतं.

फ्रेशरसाठी एजन्सीला फी देऊ नये. औंधच्या आयटीआयसारख्या संस्थेत थेट जाऊन अप्रेंटिस घ्यावेत. आम्ही एजन्सीकडे आता तीन वर्षांच्या वर अनुभव असलेले ऑपरेटर आणि इन्स्पेक्टर एवढ्याच जागा देतो.