रुमानियाच्या एका अल्पायुषी प्रांताचा नकाशा

बेळगावच्या खडेबाजारातील जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालेल्या या जागतिक नकाशासंग्रहाची शिवण उसवली असली, तरी केवळ रुमानियाच्या पानावरच पैसे वसूल होतात. 1952 मध्ये स्थापन झालेला, तिर्गू मुरेश हे मुख्य ठाणे असलेला हंगेरियन स्वायत्त प्रांत त्यावर फिकट गुलाबी रंगात असून, त्याची हद्द दक्षिणेस स्फिंतू गेओर्गे शहराच्याही पुढे जाते. 1960 च्या अखेरीस हा दक्षिणेकडचा हंगेरियनबहुल भाग शेजारच्या ब्राशोव प्रांताला जोडून पश्चिमेचे रुमानियनबहुल तालुके स्वायत्त प्रांतात घेण्यात आले, त्यामुळे हा नकाशा त्यापूर्वीच्या रचनेचा ठरतो. 1968 मध्ये प्रांतच रद्द झाला. अशा फेरआखणीने भाषिक प्रमाण कसे घटते, हे सीमाभागातील वाचकाला वेगळे सांगायला नको. स्थळसूची मात्र अपुरी आहे आणि गावांची नावे भिंगाशिवाय वाचवत नाहीत.