तेलावीची सापेरावी, निफाडच्या नजरेतून

थेट सांगतो, घरी द्राक्षबाग असलेल्या माणसाने जॉर्जियाला जाऊन तिबिलिसीच्या दुकानांत वाइन चाखत बसू नये. गाडी करावी, गोंबोरीचा घाट ओलांडून काखेती या वाइनच्या प्रांतात उतरावं आणि तेलावीच्या आसपासची एखादी घरगुती वाइनरी गाठावी. माझी मुलगी तिकडे एमबीबीएस करतेय. तिने सप्टेंबरअखेरचं बुकिंग केलं, त्यामुळे ऐन तोडणी सापडली.

मालकाने ग्लासच्या आधी घड हातात दिला. सापेरावी या तिथल्या काळ्या द्राक्षाचा. मणी बारीक, साल जाड, आत बिया. आपला एक्स्पोर्टवाला तर बघणारही नाही. एक मणी बोटांत चिरडला, तर रस लालभडक! आपली शरद सीडलेस बाहेरून काळीभोर, पण आतला गर पांढुरकाच. बहुतेक काळ्या द्राक्षांचं तसंच असतं. रेड वाइनला रंग येतो तो रस सालीसकट आंबवल्यामुळे, म्हणून तर काळ्या द्राक्षांपासून पांढरी शॅम्पेनही होते. सापेरावीच्या मात्र गरातच रंग. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्राने ज्यूससाठी पूसा नवरंग आणि फ्लेम सीडलेसच्या संकरातून काढलेली मांजरी मेडिका याच जातकुळीची.

आमच्याकडे एक पक्का समज आहे: वाइनची द्राक्षं आंबट, आणि एक्स्पोर्टमधून बाद झालेला माल वाइनला जातो. मी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं यंत्र, बरोबर नेला होता. (मुलगी म्हणाली, ‘पप्पा, इथे तरी नको!’) ब्रिक्स, म्हणजे साखरेचं माप, 23 च्या पुढे. आपण 18 ला खूश होऊन गाडी भरतो. साखरच नसेल तर अल्कोहोल होणार कशाचं? आंबटपणाही होता, चांगला सणसणीत, पण गोडीच्या जोडीने.

मग तळघरात. मातीचे प्रचंड रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले, फरशीवर फक्त तोंडं दिसतात. त्यांना क्वेव्री म्हणतात. आतून मधमाशांच्या मेणाचा हात. या पद्धतीला युनेस्कोने 2013 मध्ये वारसा म्हणून मान्यता दिली. एका रांजणात रस उकळत होता, म्हणजे चूल नाही, नुसतं आंबणं. साली वर येऊन जाड थर धरतात आणि पोरगा लांब दांड्याने तो थर खाली दाबत होता. दिवसातून बरेचदा करावं लागतं. मी दांडा मागून घेतला. वाटतं त्यापेक्षा जड काम आहे.

चाखायला तीन दिल्या: क्वेव्रीतली ड्राय (म्हणजे गोडी न उरलेली), ओकच्या पिंपात मुरवलेली मुकुझानी, आणि क्वारेलीकडची किंदझमारौली. तिन्ही सापेरावीच, तिन्ही गडद. जांभळं खाल्ल्यासारखी जीभ रंगते. पण गडद म्हणजे कडक, हे खोटं. किंदझमारौली तितकीच गडद, तरी अल्कोहोल ड्रायपेक्षा कमी. आणि ती गोड लागते ती वरून साखर घातल्यामुळे नाही. थंड करून आंबणं मध्येच थांबवतात, द्राक्षाची साखर शिल्लक राहते. मला क्वेव्रीतली आवडली. मुकुझानीत लाकूड जरा जास्त बोलतं.

रेड वाइनला मटणच हवं असं समजणाऱ्या शाकाहारी मंडळींनी खुशाल जावं. अक्रोडाचं सारण भरलेली वांगी, खाचापुरी म्हणजे चीज भरलेली रोटी आणि लोबिओ नावाचा राजमा होता. राजम्याबरोबर ड्राय सापेरावी झकास जमली.

तक्रार गाइडबद्दल. त्याला बागेतून लवकर बाहेर पडायची घाई, आणि छाटणीचं विचारलं की ‘परंपरा, परंपरा’. शेवटी मुलीला मध्ये घेऊन मालकाशीच बोललो. त्यांची छाटणी हिवाळ्यात, एकदाच. आपण एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी करतो हे ऐकून त्याने दोनदा विचारलं, वेल दमत नाही का? तेव्हा बुकिंग करतानाच मालक भेटणार का ते विचारून घ्या.

भारतात येताना माणशी 2 लिटरच ड्यूटी फ्री, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या. दोन्ही क्वेव्रीतल्याच घ्या. आणि सकाळचीच वेळ घ्या, परतीचा घाट उजेडात पार होतो.